वेडमटोला मुक्कामी

९ जानेवारी

फॉर्म भरला एकदाचा! एमबीएची सीईटी. आलापल्लीला गाडी चहासाठी थांबते तेवढ्यात, मोबाईलवर. फोटो अपलोड होता होत नव्हता. मुखरूभाऊ हॉर्न देत बसले होते — "कंडक्टर तू हायस का मी, पोरी? प्यासेंजर मले विचारून राह्यले."

एटापल्लीच्या पुढे नेटवर्क नाही. नुसतं जंगल, आणि शेवटी वेडमटोला. तिथे मुक्काम, सकाळी परत चंद्रपूर. बाबांनी याच गाडीवर नऊ वर्षं काढली. माझं एक झालं.

दोन वर्षांपूर्वी पण फॉर्म भरला होता. हॉलतिकीटसुद्धा आलं होतं. बाबा गेले, परीक्षा राहिली. त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं.

डेपोत कोणाला सांगायचं नाही. घरीही नाही. फक्त मुखरूभाऊंना सांगितलं, कारण पुस्तक लपवायला गाडीत जागा नाही. म्हटलं, कोणाजवळ बोलू नका. "मी कायले बोलतो?" म्हणाले. ते दिवसभर बोलतात!

१२ जानेवारी

गणित — बरं. रिझनिंग — बरं. इंग्रजी — वाईट.

१७ जानेवारी

गोंडपिपरीला आई स्टँडवर डबा घेऊन उभी असते. बाबांना द्यायची तसाच, दाराशेजारच्या सीटच्या खिडकीतून वर करते. ती कंडक्टरची सीट. मी तिथे बसत नाही, बॅग ठेवते. आईला सांगितलं, दारातून दे. तरी खिडकीशीच जाते.

आज म्हणाली, "बारीक झाली तू. काऊन?" मी म्हटलं, गाडी सुटते आहे. खरंच सुटत होती.

डब्यात जवसाची चटणी, भाकर. बाबांच्या डब्यात मिरची जास्त असायची. माझ्याही डब्यात तेवढीच असते. मला ती सोसत नाही. सांगितलं नाही.

२३ जानेवारी

मुखरूभाऊंना गणित वाचून दाखवलं. दोन गाड्या समोरासमोर येत आहेत, अमुक अमुक वेग, किती वेळात भेटतील?

"कोणत्या रस्त्यानं?"

म्हटलं, रस्ता दिलेला नाही.

"मंग कसं सांगायचं? आपल्या रस्त्यानं असन तं भेटतच नाई. एकाले रिव्हर्स घ्या लागते."

मागचे प्रवासी हसले. लालसूदादा सगळ्यात जास्त — वेडमटोल्याचे, दर बाजाराला असतात. ते म्हणाले, "आणि रिव्हर्स घेणारा मुखरूच राह्यते!"

मी पण हसले बहुतेक. उत्तर बरोबर आलं होतं.

२९ जानेवारी

काही नाही. थकले. वीस शब्द पाठ केले, सकाळी सहाच आठवले.

४ फेब्रुवारी

बदली ड्यूटी, मूल गावाला. राइस मिलपुढे धानाचे ट्रक ओळीने उभे. एक ड्रायव्हर म्हणाला, परवापासून आहे. खाली केला की ट्रक रिकामाच परत जाणार, आणि तिकडे दुसरा कोणी भाड्याच्या ट्रकची वाट बघत असणार. असं का? कोणीतरी बसून हे नीट लावायला पाहिजे. कशासाठी एमबीए, असं कोणी विचारलं तर मला मोठं बोलता येणार नाही. हेच सांगेन. ते ट्रक.

९ फेब्रुवारी

प्रफुल खोलीवर आला होता. धाकटा भाऊ, पण आता उंच झाला, दारातून वाकून येतो. पुस्तक दिसलं त्याला.

"ताई, बाबाची नोकरी सोडून राह्यली का तू?"

मी चहा ठेवला.

"मंग मी नाहरकतीवर सही कायले देली? मी नसतो बसलो का गाडीवर?"

त्याचं बरोबर आहे. अनुकंपा घरात एकालाच. मी सोडली तर ती त्याला मिळत नाही, संपते. चहा न पिता गेला. कप झाकून ठेवला होता, नंतर ओतून दिला.

तरी या वर्षीच द्यायची. जूनमध्ये मी कायम होईन. एकदा कायम झाले की माझ्याकडून उठणं होणार नाही. मला माझं माहीत आहे. गप्प बसणारी माणसं बसलेलीच राहतात.

१० फेब्रुवारी

पहाटेपासून रिझनिंग. सोडवलेले सगळे बरोबर!

२० फेब्रुवारी

मॉक टेस्ट. मागच्यापेक्षा बरी. गोलाकार टेबलाभोवती आठ जण बसवायचे असले की मी टेबल काढत नाही, गाडीच्या सीटा काढते. लगेच बसतात. अ खिडकीशी, ब ला ओकारी येते म्हणून पुढे, क आणि ड चं पटत नाही. पण कंडक्टरची सीट मी चित्रातही रिकामीच सोडते, हे आज लक्षात आलं.

१ मार्च

मुक्कामी मी रंभाबाईकडे झोपते. मुखरूभाऊ गाडीत. म्हातारी एकटी आहे. पहिल्या दिवशी स्वतःच गाडीपाशी येऊन माझी बॅग उचलली होती. बाबा इथेच मुक्कामी गेले, सकाळी तिनेच पाहिलं. एवढंच मला माहीत आहे. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आज अंगणात वाचत होते. म्हणाली, "का पाहून राह्यली त्याच्यात येवढं?"

मी पान दुमडलं. मुखरूभाऊच बोलले, "पेपर हाय तिचा. मोठा." आणि तिला बाजूला नेऊन काहीतरी सांगत बसले. मी कानाडोळा केला.

परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच. माझा हात धरला. "पास होजो बाई. पास होजो तू." घट्ट धरला होता. घरच्या कोणी मला असं म्हटलेलं नाही.

बाबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात इथल्या नाल्यावरचा रपटा पुरात वाहून गेला तेव्हा गाडी बंद होती. आजारी माणसाला खाटेवर टाकून न्यायचे. रपटा झाला आणि गाडी सुरू झाली, नेमकी मी रुजू झाले त्याच आठवड्यात. रंभाबाईला वाटतं गाडी मीच आणली. मी दोनदा समजावलं. "हो बाई," म्हणते, आणि पुन्हा तेच.

१६ मार्च

बाबांचा स्मृतिदिन. गोंडपिपरीला गेले. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. लोक बाबांबद्दल बोलत होते. बापूराव असे, बापूराव तसे. मी पाणी वाढत होते. कोणी म्हणालं, "पोरीनं बापाची जागा चालवली, नाव राखलं." आईने माझ्याकडे बघितलं. प्रफुलने पण. त्याने आईला सांगितलेलं दिसतं.

लोक गेल्यावर आई भांडी घासत होती. मी जवळ बसले. ती बोलेल म्हणून थांबले. मी बोलेन म्हणून ती थांबली असेल. भांडी संपली.

१९ मार्च

हॉलतिकीट आलं. सेंटर चंद्रपूर. दुपारचा पेपर! देव पावला म्हणायची आपल्याकडे रीत नाही, पण वाटलं तसं.

आदल्या दिवशी माझी मुक्कामी गाडी आहे. सत्यशीलाशी ड्यूटी बदलली. ती आमच्या डेपोची, माझ्या आधीची कंडक्टर. "लग्न पाहून राह्यली का? मुलगा यून राह्यला का पाहाले?" म्हणाली. मी हो म्हटलं. सोपं पडलं.

२८ मार्च

सत्यशीलाचा फोन. सासूला दवाखान्यात भरती केलं, नागपूरला. रडत होती, मी तिलाच समजावलं.

आता मुक्कामी मलाच. रजा मागता येईल, पण अर्जात कारण लिहावं लागतं. खोटं लिहायचं नाही, खरं लिहायचं नाही. मग राहिलं काय? गाडी वेळेवर परत आली तर पेपरला पोचते. मात्र तो बाजाराचा दिवस आहे, त्यात मोहफुलांचा हंगाम. दर वळणावर टोपल्या, पोती, कोंबड्या. बाजाराच्या दिवशी ही गाडी वेळेवर आली असं कधी झालं नाही.

मुखरूभाऊंना सांगितलं. म्हणाले, "तू पेपर पाह्य. गाडी मी पाह्यतो."

१ एप्रिल

वेडमटोला. उद्या पेपर. पेन, हॉलतिकीट, आधार कार्ड पिशवीत. रंभाबाईने मोह उकडून दिले. जोहार करून आत गेली, आज गप्पा नाहीत.

वाचायचं नाही असं ठरवलं आणि वाचते आहे.

२ एप्रिल

सगळं लिहून ठेवते.

सकाळी गाडीपाशी आले तर कोणी नाही. बाजाराच्या दिवशी इथूनच निम्मी गाडी भरते. लालसूदादा झाडाखाली बसले होते, मोहाच्या भरल्या टोपल्या बाजूला. म्हटलं, "दादा, चढा ना."

"आज नाई. पुढच्या बाजारी."

"टोपल्या भरून ठेवल्या आणि पुढच्या बाजारी?"

"तू जा बाई."

रंभाबाई दारात उभी. तीही आली नाही. मुखरूभाऊंनी गाडी काढली. पुढचा टोला, छोटीशी वस्ती — रस्त्याच्या कडेला बाया ओळीने उभ्या, डोक्यावर टोपल्या. मी थांबायची सिंगल बेल मारणार, तर त्या हात हलवून म्हणतात, जा, जा! हात दाखवून गाडी थांबवणाऱ्या बाया. एक म्हातारा टोपली खाली ठेवून दोन्ही हातांनी गाडीला पुढे लोटल्यासारखं करत होता. मागे वळून पाहिलं तर अजून करतच होता.

"मुखरूभाऊ, आज बाजार नाही का?"

"हाय ना."

"मग?"

"तू पाढे म्हण."

एटापल्लीपर्यंत एकही तिकीट काढलं नाही. मशीन कोरं. हातात पुस्तक होतं, एक अक्षर दिसत नव्हतं. त्यांचा मोह आज विकला गेला नाही, तेलमीठ आज घरी आलं नाही. एवढं मी त्यांच्यासाठी काय केलं? तिकिटं दिली. सुट्टे नसले तर पुढच्या खेपेला घेतले. बाबाही तेच करायचे.

गोंडपिपरीला आई होती. डबा, आणि डब्यावर कागदात बांधलेला गूळ. "शांतपणानं लिहिजो," म्हणाली. म्हणजे माहीत होतं!

चंद्रपूरला वेळेच्या आधी पोचलो. बाजाराच्या दिवशी! हिशेब जमा केला, रिक्षा केली, सेंटरवर.

पेपर चांगला गेला. इंग्रजीत अडले, पण थांबले नाही. कॉम्प्युटरसमोर सगळे वाकून बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, मागून कोणी लोटतं आहे. एकही प्रश्न सोडला नाही.

३ एप्रिल

झोपले. उठले. पुन्हा झोपले.

१४ एप्रिल

जयंती. घरी. प्रफुलने पताका लावायला शिडी धरायला सांगितली. धरली. खाली उतरल्यावर म्हणाला, "कसा गेला पेपर?" बरा, म्हटलं. "बरा म्हंजे लय चांगला. तुह्या तोंडून बरा निघाला म्हंजे."

पुढचा बाजार झाला का, त्यांचा मोह गेला का, हे मुखरूभाऊंना विचारलं होतं. गेला म्हणाले. भाव विचारायची हिंमत झाली नाही.

३० मे

निकाल. ९७.६ पर्सेंटाइल.

आलापल्लीला कळलं, चहाच्या टपरीवर. मुखरूभाऊंना मोबाईल दाखवला. चष्मा नव्हता त्यांच्याजवळ. "पास का नापास, तेवढं सांग!" पास म्हटलं. त्यांनी टपरीवरच्या सगळ्यांना चहा सांगितला आणि मग गाडीमागे जाऊन बराच वेळ आले नाहीत.

१ जून

आईला सांगितलं. कॉलेज लागेल, पुण्याला किंवा मुंबईला. नोकरी सोडावी लागेल. बाबांची, असं म्हणाले मी.

आई तांदूळ निवडत होती. "त्यायची नोकरी त्यायची होती. ते गेले तवाच गेली. तू कायले सांभाळून राह्यली दुसऱ्याची?"

प्रफुल दारात होता. म्हणाला, "मी हावो मायजवळ. तू जा."

पहिल्यांदा रडले. तेही घरात नाही, न्हाणीत. दोन वर्षांचं.

राजीनाम्याचा मजकूर लिहून ठेवला आहे. कॉलेज पक्कं झालं की देणार. मागे बघायचं नाही.

४ जून

वेडमटोला. सकाळी रंभाबाई कोंबडी घेऊन गाडीपाशी आली. मागे अख्खा टोला. कोंबडी माझ्या हातात दिली. "पास झाली बाई तू. आता पक्की झाली. मुखरू म्हणे, पेपर पास झाली की कंडक्टरीन पक्की होते, मंग तिले इथून कोणी नाई हालवत. आता आमची गाडी बंद नाई होत."

मुखरूभाऊंकडे पाहिलं. ते आरसा पुसत होते. हळूच म्हणाले, "तूच म्हटलं होतं ना, कोणाले सांगू नका. मंग का सांगतो मी त्यायले?"

बॅग सरकवून बाबांच्या सीटवर बसले, कोंबडी मांडीवर. खिडकीखाली सगळे उभे, हसत. गाडी सुटायची डबल बेल मी द्यायची होती. दोरी हातात होती.