बीनाची टोपली

आर. के. पुरम, मंगळवार, २१ नोव्हेंबर १९९५

आज बीनाशी खोटं बोलले. आमच्या वरच्या मजल्यावर राहायची ती. चार वर्षांपूर्वी आगरतळ्याला बदली झाली, तेव्हा तिच्या आईनं विणलेली बांबूची टोपली माझ्याकडे ठेवून गेली. दुपारी न्यायला आली. आई आता नाही, म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घर में सफ़ेदी हुई थी ना, तब कहीं खो गई."

टोपली आतल्या खोलीत, कपाटावर, माझ्या बाकीच्या टोपल्यांमध्येच होती.

ती नुसती "अच्छा" म्हणाली आणि चहा संपवून उठली. ते "अच्छा" डोक्यातून जाईना. इतकी बारीक वीण पुन्हा मिळणार नाही, म्हणून खोटं बोलले? एवढ्यासाठी?

संध्याकाळी ऑटो करून कस्तुरबा गांधी मार्गावर ती उतरली आहे तिथे गेले. टोपली पुढे केली. "खोई नहीं थी. मैंने रख ली थी."

तिनं काठावरून बोट फिरवलं. "दिख रही थी, परदे के पीछे से. आपके मुँह पर क्या बोलती?"

आत या, बसा, असं काही म्हणाली नाही. पुन्हा दिल्लीला कधी येशील, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.