बाईसाहेब डोंगरावर आहेत

नाना,

यंदाही माझ्या त्या वर्गमैत्रिणीचं पत्र आलं आहे. पचमढीला ये, म्हणते. काकांचा तोच बंगला महिनाभर मिळाला आहे, मुलं तुला मावशी म्हणून ओळखतही नाहीत, आणि यंदा नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही. तुम्ही गेल्यापासून ती दर उन्हाळ्यात बोलावते आणि मी दर उन्हाळ्यात काहीतरी कारण पुढे करते. पेपर तपासायचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. यंदा तरी खरं उत्तर लिहावं म्हणून बसले, आणि कागदावर पहिलं तुमचंच नाव आलं.

तुम्ही मला जाऊ दिलंत तो दिवस कैरीच्या वासासकट आठवतो. आई विळीवर कैऱ्या चिरते आहे, आत्या तांदूळ निवडते आहे, आणि मी दाराशी उभी राहून सांगते आहे की बी.ए.ची परीक्षा संपली, वर्गमैत्रिणीचे काका पचमढीला जंगलखात्यात आहेत, तिने महिनाभर बोलावलं आहे. आत्या म्हणाली, घरात पहिली पोरगी कॉलेजात गेली, आता पहिली पोरगी हवा खायलाही जाणार, मग नवरा तेवढा शेवटी मिळेल. आई हसली नाही. तुम्ही पाटावर बसून चहा बशीत ओतत होता. उभा जन्म संस्थानात जासुदाची नोकरी केलेली, सरकारची डाक इकडून तिकडे पोचवलेली. संस्थान विलीन झालं आणि कमरेचा पट्टा खुंटीवर गेला, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. तुम्ही चहा संपवलात आणि म्हणालात, सरकारची थैली घेऊन मी किती उन्हाळे डोंगर चढलो, आता एकदा माझ्या घरचं माणूस वर जाऊ दे की. आईने पुढची कैरी विळीवर घेतली.

संध्याकाळी माझी वळकटी बांधताना तुम्ही तुमच्या खात्याचा तो नियम सांगितलात. सरकार, म्हणजे महाराज, उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी गेले की इंदूरची वाईट खबर वर न्यायची नाही. आजारपण, मरण, आग, काहीही असो, स्वारी खाली उतरेपर्यंत थैली पायथ्याशी थांबायची. एकदा सरकारच्या कोणा नातलगाचा मृत्यू तुम्ही असाच पायथ्याच्या धर्मशाळेत उशाशी घेऊन झोपला होता. मी चिडले. नव्या राज्यघटनेच्या चर्चा ऐकून माझं डोकं तेव्हा भरलेलं होतं. मी म्हणाले, हा अन्याय आहे, राजा असला तरी त्याचं दुःख त्याला कळायलाच हवं, तो त्याचा हक्क आहे. तुम्ही दोरीची गाठ आवळत म्हणालात, "दुःख कुठं पळून जातं का बाईसाहेब? ते खाली वाट बघत बसतं. थंड हवा चार दिवसांचीच असते." परीक्षा झाल्यापासून तुम्ही मला बाईसाहेब म्हणत होता. निकाल लागायचा होता, पण तुम्ही थांबायला तयार नव्हता.

खांडव्याला गाडी बदलून मी पिपरियाला उतरले आणि बसने वर गेले. पचमढी म्हणजे किती छोटं गाव, नाना. एक बाजार, लाल कौलांचे बंगले, आणि उरलेली सगळी झाडं. आम्ही दोघी सकाळी फिरायला निघायचो ते जेवायलाच परतायचो. करवंदं खाऊन ओठ काळे व्हायचे. रस्ताभर माझं भाषण चालायचं की आपण खेड्यात मुलींची शाळा काढू, पगार नाही मिळाला तरी चालेल. ती म्हणायची, तुला चालेल, माझ्या सासूला चालेल का ते बघू दे. वैशाखी पौर्णिमेच्या दिवशी ती मला दरीतल्या एका डोहावर घेऊन गेली. वरून पाण्याची बारीक धार पडत होती, आसपास चिटपाखरू नव्हतं. नेसत्या पातळानिशी ती सरळ पाण्यात शिरली. मी काठावर उभी, पदर खोचून, शाळेला इमारत कुठून आणायची ते सांगते आहे. ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून म्हणाली, "मास्टरनीजी, इस्कूल बाद में खोलना, पहले पानी में तो उतरो." मी उतरले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या पाण्यात उतरले. श्वास अडकला, मग सुटला, आणि मी हसायला लागले ते थांबेचना. दुपारभर आम्ही तिथेच होतो. त्या दिवशी मला वाटलं की आता सगळं होईल, मी मनात आणीन ते होईल.

त्याच दुपारी तुम्ही गेलात.

दादाची कार्डं येत होती. त्याला खोटं लिहिता येत नाही, म्हणून त्याने नुसती हवा लिहिली. उकाडा फार आहे, आंबा अजून महाग आहे, नळाला पाणी कमी येतं. मी ती वाचून हसायचे आणि म्हणायचे, आमचा दादा मिलमध्ये राहून मिलच्या भोंग्यासारखा झाला आहे, रोज तेच. महिना संपला, मी परतले. दादा स्टेशनवर आला होता, डोक्यावर टोपी. तो कधी टोपी घालत नसे. मी विचारलं, ही काय नवी फॅशन? तो म्हणाला, ऊन आहे. टांग्यात मी डोहाबद्दल सांगत होते, तो मान हलवत होता. रामबागेच्या वळणावर घामाने बेजार होऊन त्याने टोपी काढली आणि तोंड पुसलं. डोक्यावर नुकते फुटलेले खुंट होते. मी बोलायची थांबले. तो टोपीकडे बघत राहिला, जणू ती कोणी हातात दिली हेच त्याला कळत नव्हतं.

पुढचं आईने सांगितलं. मी गेल्यावर आठवड्याभरातच तुमच्या छातीत कळ आली. दादा तार करायला चपला घालून निघाला होता. तुम्ही त्याला हाक मारून परत बोलावलंत आणि म्हणालात, "बाईसाहेब डोंगरावर आहेत. खाली उतरल्या की सांगा." आईला वाटलं, थट्टा करताय म्हणजे बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी तार नको म्हणायला तुम्ही नव्हता, पण तुमचा शब्द होता, आणि तो मोडायची हिंमत कोणाला झाली नाही. आत्याला मात्र झाली असती, ती दोनदा निघालीही होती, असं तिनेच मला नंतर सांगितलं आणि मग माझ्याइतकीच रडली.

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, दहा दिवस उलटल्यावर बातमी कळली की तीन दिवसांचं सुतक. घरात सगळ्यांनी दहा दिवस पाळले, दिवस झाले, तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं. माझ्या वाट्याला तीन दिवस. कोपऱ्यात घोंगडीवर मी एकटी बसले होते आणि बाकीचं घर कामाला लागलं होतं. दादा मिलमध्ये जात होता. चौथ्या दिवशी आईने मला न्हाऊ घातलं आणि म्हणाली, झालं. काय झालं होतं, नाना? मी तर अजून सुरुवातही केली नव्हती.

मला तुमचा फार राग आला. तो राग मी हातोदच्या शाळेत रोज बसने घेऊन जाते आणि घेऊन येते. मुलींना मी शिकवते की आता राजा नाही, सगळे सारखे. आणि माझ्या बापाने राजाचा नियम मरता मरता मला लावला. मी सरकार नव्हते. मी तुमची मुलगी होते, मला उशाशी बसायचं होतं, पाय चेपायचे होते, तुम्ही चिडला असता तर ऐकून घ्यायचं होतं. कोणा धन्याची चार दिवसांची हवा जपावी तशी तुम्ही माझी जपलीत. इतक्या मोठ्या मानाचं मी काय करू, हे तुम्ही सांगितलं नाहीत. आता मध्यभारतही जाणार म्हणतात, भोपाळ राजधानी होणार. तुमचं संस्थान गेलं, त्याच्या जागी आलेलं राज्यही चाललं, आणि त्या खात्याचा तो एक नियम तेवढा आमच्या घरात राहिला आहे.

तिला दोनच ओळी लिहिणार आहे. येते, असं. हे पान तिला पाठवण्यासारखं नाही, आणि तुम्हाला तर पाठवताच येत नाही. पण एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही, आईला तर नाहीच. ती दुपार मी नासवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी हसत होते तेव्हा तुम्हाला श्वास लागला असेल, असं स्वतःला बजावून पाहिलं. जमलं नाही. तो दिवस आठवला की आधी ते गार पाणी आठवतं आणि मी सुखावते. तुम्ही मागाहून आठवता. हा क्रम मला उलटा करता आला नाही, नाना, आणि अलीकडे मी तो करायलाही जात नाही.