ओंडक्याचे कान

१ जुलै
आज वखारीत राहायला आलो. पिंप्राळ्याच्या एका खोलीनंतर या दोन खोल्या प्रशस्त वाटतात. दारात नळ, मागे कडुनिंब, फाटकातून सोनगीरचा किल्ला दिसतो. दिपू आल्याबरोबर सागाच्या थप्पीवर चढली आणि इथूनच शाळेला जाणार म्हणाली. सात वर्षांची आहे. शाळा दोन किलोमीटरवर आहे हे अजून सांगितलेले नाही.
कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून सहा वर्षे तात्पुरता होतो. इथे व्यवस्थापक. मालक प्रकाशचंद शेठ धुळ्यात राहतात, रोज दहाला येतात. मजूर मला साहेब म्हणतात. करवत चालवणारे सुपडू आबा मात्र नवलभाऊच म्हणतात.
रूपाला सातवा लागला म्हणून ती शिरपूरला माहेरी आहे. फोनवर एकच गोष्ट तीनदा सांगितली. दिपूची छाती लहानपणापासून नाजूक, शिंक आली तरी ओव्याची वाफ द्यायची. टोप आणि जाड चादर तिने वेगळ्या पिशवीत बांधून दिली आहे.

९ जुलै
शेठनी मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेले. तिथे आंब्याचे चार ओंडके आहेत. एकावर पांढुरकी अळंबी धरली आहे. शेठ तिला फूलण म्हणतात. तिच्यात अनंत जीव असतात. उद्यापासून चातुर्मास, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्या ओंडक्याला करवत नाही, खरवडणे नाही, उन्हात काढणे नाही. दरवर्षी एखादा ओंडका असा निघतो आणि शेडमध्ये पडून राहतो, एवढेच. त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितले की मी हो म्हणालो.

१४ जुलै
भिंग घेऊन बसलो. ओळखीची निघाली: शिझोफायलम. रुपयाएवढ्या पंख्यासारखी, वरून राखाडी लव, खाली माशासारखे कल्ले. प्रत्येक कल्ला उभा चिरलेला. कोरडे पडले की या चिरा वळून मिटतात आणि अळंबी मेल्यासारखी दिसते. पण मरत नाही. शेडच्या वाशावर गेल्या वर्षीचा एक वाळका तुकडा सापडला. बशीत ठेवून दिपूकडून वर पाण्याचे थेंब टाकवले. दोन तासांत कल्ले उघडले. दिपूने टाळ्या वाजवल्या.
सुपडू आबांनी तिला अळंबी दाखवून सांगितले आहे, ह्या लाकूडना कान शेतस, बठ्ठं ऐकतस, म्हणजे सगळे ऐकतात. तेव्हापासून ती ओंडक्याशी कुजबुजते. काय सांगतेस विचारले तर म्हणाली, आईला बाळ होणार ते.

२१ ऑगस्ट
पर्युषणासाठी शेठ आठ दिवस जळगावला आहेत. सोमवारी खोके बनवणारा एक जण आंब्याचे लाकूड पाहायला येणार. आता चारही ओंडक्यांवर अळंबी आहे. असा माल तो नाकारेल आणि नवा व्यवस्थापक काय करत होता असे विचारले जाईल. आबांना खरवडायला सांगितले. ते म्हणाले, शेठनी नही सांगेल शे. मी हसून म्हणालो, आबा, ही साधी बुरशी आहे, मी शिकवलेय हे पोरांना. त्यावर ते म्हणाले, बीएस्सी करी म्हनीसन लाकूडनी जात बदलत नही, आणि बिडी पेटवून फाटकाबाहेर जाऊन बसले.
मीच तारेचा ब्रश घेतला. दिपूने पोत्याचे तोंड धरले. शेडमध्ये पिठासारखी पांढरी धूळ उडाली. ती तिच्या केसांवर, पापण्यांवर बसली. शिंकली, हसली, मी म्हातारी झाले म्हणाली. दुपारपर्यंत ओंडके स्वच्छ झाले. शेठना सांगायचे नाही, असे तिच्याकडून कबूल करून घेतले.

२८ ऑगस्ट
शेठ परत आले. एकेका मजुरापुढे हात जोडून त्यांनी वर्षभराची क्षमा मागितली. आबांपुढे, मग माझ्यापुढे, मग वाकून दिपूपुढे. मीही हात जोडले. मिच्छामि दुक्कडम् म्हणालो. सांगितले मात्र नाही. माल गेला, शेड रिकामी आहे. शेठनी तिकडे पाहिले आणि हिशेबाची वही मागितली.
दिपूला कोरडा खोकला आहे. वाफ सुरू केली.

२ सप्टेंबर
धुळ्याच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटले. सिरप, पंप. वाफ चालू ठेवा म्हणाले. वाफेने लगेच आराम पडतो. चादरीखालून तिचा श्वास सैल झालेला ऐकू येतो. दिवसातून तीनदा देतो.

९ सप्टेंबर
एक्स-रेत उजवीकडे डाग आहे. बेडका तपासायला दिला, अहवालाला वेळ लागेल. रूपाचा नववा चालू आहे, तिला सांगितले नाही. दिपू सर्दी आहे म्हणाली फोनवर. खोटे बोलायला माझ्याकडून शिकली.
वाफ पाच वेळा.

१४ सप्टेंबर
पाऊस थांबला. ऊन कोरडे आहे. उन्हात तिला श्वास घेता येत नाही. नळाखाली ओल्या फरशीवर जाऊन बसते. शाळा बंद. पप्पा, वाफ, एवढेच बोलते.
तिच्या श्वासाला वास येतो. ओल्या भुश्शाचा. वखारीत सगळ्यालाच येतो, असे मी स्वतःला सांगितले.

१७ सप्टेंबर, संध्याकाळ
खोकल्यातून एक तुकडा पडला. राखाडी, चिवट, नखाएवढा. भिंगाखाली एका बाजूला लव. दुसरी बाजू मिटलेली.
बशीत ठेवला. पाणी टाकायला हात होईना. टाकले.
दोन तास.
उघडला.

१८ सप्टेंबर, सकाळी ९
मागची पाने वाचली. १४ जुलै. सगळे मीच लिहून ठेवले आहे. कोरडे पडले की मिटते, ओल मिळाली की उघडते. आणि मी एकवीस दिवस तिला वाफ देतो आहे. दर वेळी सैल झालेला तो श्वास —
डॉक्टरांना फोन केला, बशीचा फोटो पाठवला. तुकडा कधी पडला ते त्यांनी विचारले. मग म्हणाले नाशिक, आजच, वाटेत ऑक्सिजन लागेल, रुग्णवाहिका मी पाठवतो. वाफ बंद करा.

९.४०
शेठना फोनवर सगळे सांगितले. ब्रश, पोते, दिपूकडून घेतलेले वचन. रागावले नाहीत. पोरीचा श्वास कसा आहे, एवढेच विचारले. धुळ्याहून निघाले आहेत. आबा दारात बसून आहेत. पोरले कोरडी ठेव, म्हणाले. माझ्याकडे बघत नाहीत.

१०.१०
रुग्णवाहिकेला अजून अर्धा तास.
वाफ दिलेली नाही. रात्रीपासून नाही. दिपू मागते आहे. शब्द नाही, हाताने, डोक्यावर चादर ओढल्याची खूण करते. नखे निळी. पंप दिला. पुन्हा दिला. काही होत नाही —

१०.२०
फरफटत नळापाशी गेली. आबांनी उचलून आणली. ओठ फुटले आहेत. छाती आत जाते, वर येतच नाही. एक वाफ, एकच, आणि ती रुग्णवाहिकेपर्यंत — पण मग आत ते —
न दिली तर —

१०.२५
टोप ठेवला. पाणी उकळते आहे. चादर घेतलेली नाही. नुसती खोलीत राहू दे, तेवढ्याने —
श्वास आला. पप्पा म्हणाली. स्पष्ट म्हणाली.
आबा म्हणाले रुग्णवाहिका वळली फाटकात. दिपू हसली, तोंड उघडून. मी बॅटरी धरली. जिभेच्या मागे, घशाच्या भिंतीवर, ओळीने, पांढुरके, लहान लहान, कानांसारखे — आणि वाफ त्यांच्यापर्यंत पोचली तसे एकेक करून ते