मिस्टर थॉमस यांची तक्रार

१२ जाने., सोम.
मॅडमनी आज इंग्रजीच्या सगळ्या क्लाससमोर झापलं. "वैशाली, युवर ग्रामर इज फाइन. पण तू पेशंटशी बोलतेस की औषधाच्या खोक्यातला कागद वाचतेस?" सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार. बारा वर्षं वॉर्डात काढली, पेशंटशी बोलता येत नाही असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मराठीत येतं. हिंदीत येतं. इंग्रजीत तोंडाला कुलूप.
परीक्षा ३ फेब्रु. बोलण्याच्या पेपरात कार्ड मिळतं: पेशंटचं नाव, वय, दुखणं. मी नर्स. पाच मिनिटं बोलायचं, औषधं विचारायची, धीर द्यायचा. पास झाले तर आयर्लंडमध्ये नोकरी. आधी मी, वर्षभराने नवरा, निलेश. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं काय, हे अजून कुणी मोठ्याने विचारलेलं नाही.
घरी सराव कुणाबरोबर करू? नवरोबा तळोज्याहून शिफ्ट करून येतात आणि पेशंट झाले की "येस, नो, पेन हियर" म्हणून जांभई देतात.

१३ जाने., मंगळ.
पेशंट मिळाला. बाबा स्वतःच म्हणाले, "मी बसतो ना. जाजावर काय मुक्याने काम केला आमी?" सासरेबुवा बंदरात टॅली क्लार्क होते, जहाजांवरचा माल मोजायचे. रशियन, फिलिपिनो, ग्रीक, सगळ्यांशी भांडून कमावलेलं इंग्रजी. क्रियापदं कमी, आवाज मोठा.
त्यांना नाव दिलं मिस्टर थॉमस. फार आवडलं. इस्त्रीचा शर्ट घालून बसले.
पहिल्याच प्रश्नाला बिनसलं. मी: "आर यू टेकिंग एनी ड्रग्ज, मिस्टर थॉमस?" बाबा खुर्चीतून अर्धे उठले.
"ड्रग्ज? आमच्या घरात? असला काय विचारतेस गो?"
सांगितलं की इंग्रजीत साध्या औषधालाही ड्रग म्हणतात. "मग मेडिशीन बोल ना. ड्रग बोललीस तर मानूस घाबरंल, खरा सांगनार नाय."
संध्याकाळी मॅडमना विचारलं. त्याही म्हणाल्या, मेडिसिनच म्हण. बाबांना कळवलं. रात्रीच्या जेवणापर्यंत कॉलर ताठ.

१५ जाने., गुरु.
आज हसून हसून पोट दुखलं. कार्ड होतं गुडघेदुखीचं. मि. थॉमस, वय ६८, दुखण्याच्या गोळ्या घेतो, पोटात जळजळ. अशा पेशंटला शी काळी होते का हे विचारायलाच हवं, म्हणून नीट पाठ केलेलं वाक्य टाकलं: "हॅव यू नोटिस्ड एनी चेंज इन युवर स्टूल्स?"
बाबा विचारात पडले. स्वयंपाकघराकडे बघितलं. मग, "नो चेंज. सेम स्टूल. प्लॅस्टिक. वन लेग शेकिंग."
मी टेबलावर डोकं ठेवून हसले. तेही हसले, का ते न कळता. मग अर्थ सांगावा लागला. स्टूल म्हणजे शी. काळी होते का, डांबरासारखी चिकट होते का, असं विचारतो आम्ही. काळी म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय.
हसायचे थांबले. "तुमी असला विचारता लोकांना?"
"रोज."
"आनि ते सांगतात?"
"सांगतात की."
चष्मा पुसत उठून आत गेले. बहुतेक माझं चुकलं. या घरात संडासाला "जाऊन येतो" म्हणतात आणि मी सासऱ्यांपुढे डांबर काढून बसले. आई, म्हणजे सासूबाई, असत्या तर डोळे वटारले असते.

१६ जाने., शुक्र.
सराव नाही. बाबा म्हणाले, आज नको. जिना चढून आल्यावर पायरीवरच बसले होते, शेजारच्या काकूंनी सांगितलं. विचारलं तर, "थंडी हाय." करंजाड्याला कसली डोंबलाची थंडी.
रागावलेत का अजून?

१७ जाने., शनि.
डबल ड्यूटी. सराव नाही. बाबा जेवले नाहीत म्हणे. उद्या बघते.

१८ जाने., रवि.
खूप उशीर झालाय. तरी लिहिते, नाहीतर नीट आठवणार नाही.
सकाळी दहाला बाबा आपणहून येऊन बसले. गुरुवारचंच कार्ड हातात. म्हणाले, "आज मी बोलतो. तू मदी मराठी बोलू नको."
नेहमीचं गुड मॉर्निंग. हाउ आर यू फीलिंग. मग मी विचारायच्या आधीच, कार्डाकडे बघत:
"सिस्टर. माय स्टूल इज ब्लॅक."
मी मनात म्हटलं, वा, पाठ केलंय. "सिन्स व्हेन, मिस्टर थॉमस?"
"टेन डेज. ब्लॅक अँड स्टिकिंग. टू बकेट वॉटर, नो गो."
कार्डावर दहा दिवस नाहीत. कार्डावर बादल्या तर नाहीतच.
वर बघितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ओठ पांढरे. दोन दिवस याच घरात फिरतेय मी, आणि ओठ आज दिसले मला. तोंडापर्यंत "बाबा" आलं होतं, ते गिळलं. मराठीत एक शब्द बोलले तर हा माणूस उठून आत जाईल, हे मला पक्कं कळलं होतं.
"थँक यू फॉर टेलिंग मी, मिस्टर थॉमस." मॅडमनी शिकवलेलं वाक्य. पहिल्यांदा ते खरं वाटलं. "आर यू टेकिंग एनी अदर मेडिसिन? फॉर द नी?"
"येस. फ्रेंड गिव. मोरा पोर्ट फ्रेंड. व्हाइट टॅबलेट. मॉर्निंग वन, इव्हनिंग वन."
"सिन्स?"
"दिवाली."
दिवाळी! दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकली तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. वर ही दुखण्याची, रोज दोन; पोटात रक्त येणारच. डबीत रोजच्या गोळ्या मीच भरते, मीच मोजून देते, आणि शर्टाच्या खिशात दुसरीच पट्टी!
"आर यू फीलिंग डिझी?"
"लिटल. लास्ट नाइट, बाथरूम. आय होल्ड टॅप."
नाडी धरली. ११८. हात बर्फ. मग म्हटलं, "मिस्टर थॉमस, वी आर गोइंग टू हॉस्पिटल नाउ. आय विल बी विथ यू." नि.ला हाक मारली ती मात्र मराठीत, आणि बहुतेक अख्ख्या बिल्डिंगला ऐकू गेली.
हिमोग्लोबिन ६.९, हवं त्याच्या निम्मं. दोन बाटल्या रक्त. उद्या सकाळी दुर्बीण.

१९ जाने., सोम.
जठरात अल्सर. रक्त येत होतं ते दुर्बिणीतूनच बंद केलं. डॉक्टर म्हणाले अजून दोन-तीन दिवस घरी काढले असते तर… पुढचं बोलले नाहीत. मी नर्स आहे, मला पुढचं येतं.
आय.सी.यू.च्या बाहेर बाकावर बसले आणि जीव भांड्यात पडला. अगदी आवाज करून. रडू, हसू, एकदम सगळं. नि. मला धरून बसला होता. तो सारखं एकच: "मला का नाही सांगितलं? मुलगा आहे मी."

२१ जाने., बुध.
वॉर्डात आणलं. ओठांना रंग आलाय. मोरा बंदरावरचा तो गोळ्या देणारा मित्र भेटायला आला होता, हातात पापलेटची पिशवी, चेहरा एवढासा झालेला. "मला फरक पडला गो, म्हनून दिल्या." त्याला काय ओरडणार, त्याचेही गुडघे गेलेत. त्यालाही विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? आहे. आता त्याची सगळी औषधं घेऊन ये म्हटलंय.
बाबांना आज उकडलेला बटाटा दिला तर हॉस्पिटलला शिव्या. म्हणजे बरं आहे.

२४ जाने., शनि.
घरी आणलं. दुपारी नि. झोपला होता, तेव्हा मी विचारलंच. मराठीत.
"बाबा, आधी का नाही सांगितलं? मी हेच काम करते."
पंख्याकडे बघत म्हणाले, "तुला काय सांगायचा? तू सून हायस. तुझी आय… ती असती तर तिला बोललो असतो. तिच्याशी सगला बोलायचो. हागल्या-मुतल्याचा पन." (तुझी सासू असं न म्हणता "तुझी आय" म्हणाले.) "निलेशला सांगितला असता तर त्याने रजा टाकली असती, आरडाओरड केली असती. आनि तू परीक्षा सोडली असतीस."
"मग इंग्रजीत कसं सांगितलंत?"
"ता मी कुठं सांगितला? ता थॉमसने."
मला राग आला होता, खरंच आला होता. सहा दिवस साठवून ठेवला होता तो. आता सगळा काढायचा असं ठरवूनच बसले होते. तो कुठे गेला कळलं नाही. आई गेल्यापासून तीन वर्षं त्यांना बोलायला कुणी नाही, हे मला आज कळावं? जेवण, गोळ्या, डॉक्टर, सगळं वेळेवर. बोलणं मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं.

२८ जाने., बुध.
सराव पुन्हा सुरू. बाबांनी नवीन कार्ड घ्यायला नकार दिला, म्हणे थॉमसची तब्येत अजून कच्ची आहे. रोज सकाळी थॉमसचा रिपोर्ट. "टुडे ब्राउन. गुड ब्राउन." नि. चहा घेऊन बाल्कनीत पळतो.
मॅडम म्हणाल्या, "तुझं काय झालं? यू आर लिसनिंग नाउ."

३ फेब्रु., मंगळ.
परीक्षा झाली. दुसऱ्या कार्डावर चिडलेली म्हातारी होती, औषध घ्यायला तयार नाही. कारण विचारलं आणि थांबले. दोनेक सेकंद कुणीच बोललं नाही. पूर्वी ती जागा मी "ओके ओके"ने भरली असती. परीक्षा बरी झाली असावी. नक्की माहीत नाही.
बाबांनी विचारलं, "पास?" म्हटलं, निकाल लागेल तेव्हा.

९ फेब्रु., सोम.
डॉक्टरकडे फेरतपासणी. हिमोग्लोबिन ९.८. लोहाची गोळी सुरू, दुपारी एक. रक्त पातळ करायच्या गोळीचं हार्टच्या डॉक्टरांना विचारून ठरलं. गुडघ्याला नुसतं मलम आणि व्यायाम. बाबा: "मलमाने काय व्हतंय?" तरी लावून घेतात.

१४ फेब्रु., शनि.
सकाळी सातची गोष्ट. मी पोहे परतत होते, नि. ताट घेऊन समोर, दारात दूधवाला आणि शेजारच्या काकू. संडासाचं दार उघडलं आणि बाबांनी तिथूनच हाक मारली:
"वैशाली! आज काली झाली गो! ये, बग!"
मराठीत. दूधवाल्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल अशी.
झारा टाकून धावले. बघितलं. काळी, पण हिरवट. चिकट नाही, तसला वास नाही. नाडी बघितली, ओठ बघितले, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. सगळं ठीक. लोहाच्या गोळीने होतेच अशी, आणि हे मी त्यांना पाच दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं! डॉक्टरांनाही फोन केला, ते तेच म्हणाले. मी तिथेच बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. थांबेचना. काकू म्हणाल्या, हिला काय झालं. पोहे करपले.
बाबा हात पुसत माझ्याजवळ उभे राहिले.
"मंजे ठीक हाय?"
"एकदम ठीक आहे, बाबा."
"बरा." "तू तिकडं गेलीस तर मग मी कोनाला सांगू?"
"निलेशला सांगा."
बाबांनी त्याच्याकडे बघितलं. "त्याला कसा सांगू? त्याचा इंग्लिश कच्चा हाय."
नि. करपलेले पोहे खात होता. मान वर न करता म्हणाला, "शिकेन." बाबा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. निकाल पुढच्या आठवड्यात.