कवच नसलेली गोगलगाय

४ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. संशोधकाला शिस्त हवी.
पहाटेच्या ओहोटीला खडकावर गेलो. पोचलो तेव्हा पाणी परत चढत होतं. तरी गुडघाभर पाण्यात उभं राहून शेवाळ खरवडलं, त्यातल्या जिवांसकट बरण्यांत भरलं.
या खडकांवर बोटींचा धक्का बांधायचा की पलीकडच्या वाळूत, ते मार्चमध्ये समिती ठरवणार. इथे काय काय राहतं हे दाखवता आलं तर खडक वाचतील. ज्यांच्याकडे मी शिकलो त्या मॅडमनी उभं आयुष्य या खडकांवर काढलं. आता त्या इस्पितळात, कूस बदलायलाही नर्स लागते. सगळी भिस्त माझ्यावर. योग्य माणसावर आहे.
फोनवर म्हणाल्या, फॉर्मॅलिनमध्ये टाकणखार घाल रे बाबा, नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये शिंपले विरघळतात. माहीत आहे म्हटलं.

५ जानेवारी
बरण्यांत नुसतं फॉर्मॅलिन ओतून ठेवलं. टाकणखार संपलाय. उद्या आणतो.

११ जानेवारी
रोज म्हणजे आठवड्यातून एकदा, असंही धरता येईल.
बरण्यांना लेबलं लावली. अक्षर सुरेख आलं. टाकणखार सोमवारी.
बायको म्हणाली, मी त्या दुकानावरूनच येते, आणू का? म्हटलं, प्रयोगशाळेच्या कामात घरच्यांनी पडू नये. बरं, म्हणाली. तिचं ‘बरं’ मला आवडत नाही.

२ फेब्रुवारी
मोठा दिवस.
बरणी उघडून भिंगाखाली पाहिलं. गोगलगायी आहेत, कवच नाही. एकीलाही नाही. दगडासारखं कडक असणारं गुलाबी शेवाळ उकडलेल्या भाजीसारखं मऊ. हे कोणत्याही पुस्तकात नाही. म्हणजे माझ्याकडच्या दोन्ही पुस्तकांत नाही.
नवी प्रजाती. आता धक्का कोण बांधतो बघू.

३ फेब्रुवारी
नाव ठरवण्यात दिवस गेला. आधी मॅडमचं द्यायचं ठरवलं होतं. पण पाण्यात उभा मी राहिलो. त्यांना पुढची देऊ.
त्यांचा फोन. टाकणखार घातलास ना? हो म्हटलं. घालायचं ठरवलेलंच होतं, त्यामुळे हे खोटं नाही. शोधाचं सांगितलं नाही. एकदम चकित करू.

२२ फेब्रुवारी
ताजे नमुने आणावेत असं मनात आलं. पाणी फार गार आहे. शिवाय असलेल्या बरण्यांनीच काम होतंय.
बायकोने बरणी उजेडात धरली. विचारते, या गोगलगायी आधीपासूनच उघड्या होत्या की इथे येऊन झाल्या? मी हसलो. शास्त्र न शिकलेल्यांशी वाद घालू नये.

१२ मार्च
समिती. इस्त्रीचा शर्ट.
तज्ज्ञाने बरणी हलवली, तळाचा गाळ पाहिला. टाकणखार घातला होता? म्हणाला. मी शोध मांडला. त्याने विचारलं, कवच नसलेली एक तरी जिवंत पाहिलीत? म्हटलं, लाजाळू जात आहे. कोणी हसलं नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं.
मग तो अध्यक्षांना म्हणाला, सगळं विरघळलंय साहेब, यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याने झाकण हळूच लावलं, आजाऱ्यावर पांघरूण घालावं तसं.
धक्का खडकांवरच होणार.
राजकारण.

१५ मार्च
खडकावर गेलो. तीनच दिवसांत ट्रक दगड ओततायत. ओहोटी होती, बरंचसं उघडं पडलं होतं. शेवाळाचा एक झुबका उपटून तळहातावर झटकला. नखाएवढे तारामासे, पारदर्शक झिंगे, शेंगदाण्याएवढा एक खेकडा. आणि गोगलगायी, मोहरीएवढ्या, प्रत्येकीला कवच. कडक, चकचकीत, रेघारेघांचं.
त्या वेगळ्या जातीच्या असाव्यात.
बरणी नेली नव्हती. मुकादम म्हणाला, साहेब, बाजूला व्हा. झालो. झुबका जिथला तिथे ठेवला. पुढचा ट्रक त्याच्यावर.

१६ मार्च
इस्पितळात गेलो. मॅडमना यातलं काही कळू द्यायचं नाही असं पक्कं ठरवून गेलो होतो. समितीने निर्णयाची मुदत वाढवली म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, बस. खडकावर सध्या काय काय आहे सांग.
सांगितलं. कोणत्या कपारीत कोणतं शेवाळ, त्याच्या मुळाशी कोण, पानांवर कोण, कोण कोणाला खातं. त्यांनी डोळे मिटले होते. नर्सने दिवा लावला तरी मी बोलतच होतो. पूर्ण विश्वास बसला त्यांचा.
घरी आल्यावर बायको म्हणाली, निकालाची बातमी तिनेच परवा इस्पितळात जाऊन त्यांना वाचून दाखवली. नर्सकडून कूस बदलून घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या होत्या. जेवल्या नाहीत.
मग आज मला का विचारलं? बायको म्हणाली, मला काय माहीत, त्यांनाच विचार.
विचारणार नाही.
पण त्यांनी मला मध्येच कुठे थांबवलं नाही. वर्णन चांगलं झालं असणार.