पहिली करवंटी

वाइलोसी, फिजी
१४ ऑक्टोबर १९९१

ती. मुत्तुअण्णास,

धाकट्या अंजीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक, फक्त घसे बसलेत. काल आपण जिल्ह्यांचा करंडक जिंकलो हे तुला सिडनीत कळलंच असेल. पण गोल कसा झाला ते रेडिओवाल्यालाही सांगता आलं नाही, तो नुसता अरे अरे करत राहिला. म्हणून आज शिलाई बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

आपल्या गोलरक्षकाने चेंडू हाताने सरपटत दिला. तिथून अकरा पास झाले, मी मोजले. एकदाही चेंडू गुडघ्याच्या वर गेला नाही. शेवटी तो आडवा आला प्रविनेशकडे, साखरेच्या गिरणीतल्या वेल्डरचा मुलगा तो. दोन बचावपटू त्याच्या अंगावर, गोल समोर. आणि अण्णा, त्याने पाय फाकवले आणि चेंडू सरळ जाऊ दिला. मागून आपलाच वातिसोनी येत होता, त्याने तो अलगद जाळ्यात ठेवला. शेजारच्या बाईने भर उन्हात छत्री मिटून घेतली. का मिटली ते तिलाही सांगता येईना.

संध्याकाळी क्लबच्या शेडमध्ये प्यायला नंगोनाची मुळी घोटायला घेतली आणि म्हाताऱ्यांची तुलना सुरू झाली. कुणी म्हणे थंबी पिल्लेचा हेडर मोठा, कुणी म्हणे इलाइसाने अनवाणी पायाने गोलाचा आडवा दांडा मोडला तो मोठा. पण पहिली करवंटी तुला माहीतच आहे कुणाची. क्लबचा सगळ्यात मोठा गोल करणाऱ्याची, म्हणजे त्रेसष्टच्या गोलापासून सेमेसाची. त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. रक्तातल्या साखरेने त्याचा एक पाय गेला, आता डॉक्टर दुसऱ्याकडे बघताहेत.

सेमेसाने करवंटी हातात घेतली आणि प्यायला नाही. म्हणाला, अठ्ठावीस वर्षं मुत्तु सांगत आला की त्रेसष्टचा चेंडू त्याने माझ्यासाठी मुद्दाम सोडला, आणि मी सांगत आलो की त्याचा पाय हुकला. त्याला चारचौघांत खोटा पाडला, म्हणून त्याने क्लबची पायरी चढणं सोडलं. आज त्या पोराला बघून कळलं की चेंडू असाही सोडता येतो. यातली अर्धी मुत्तुची. तो येऊन पिईल तेव्हाच मी पिईन. मग त्याने सगळा नंगोना परत ओतला आणि करवंटी फळीवर पालथी घालून ठेवली. पहिलीआधी कुणी प्यायचं नाही, म्हणून घोटलेला नंगोना तसाच, आणि पन्नास माणसं कोरड्या घशाने घरी गेली.

आता तरी ये. माया आहे तशीच राहू दे.

तुझी अंजी

*

लिव्हरपूल, सिडनी
२५ ऑक्टोबर

चि. अंजीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. सुनेने विचारलं, कोण गेलं का. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, चेंडू गेला. ती बिचारी काळजीत पडली.

अकरा पास तू खरंच मोजलेस, का नेहमीसारखी फुगवून सांगतेस? आणि मला नीट कळव, चेंडू सोडण्याआधी त्या प्रविनेशने मागे पाहिलं होतं का? त्याचा टेकलेला पाय कोणता होता? त्यालाच जाऊन विचार. बाकीचं मग बोलू. विमानाचं म्हणशील तर सध्या गुडघे दुखतात.

सेमेसाचा पाय गेल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. फार वाईट वाटलं. त्या पायाइतका चांगला पाय मी आजवर पाहिला नाही.

कृपा नको, फक्त सविस्तर उत्तर हवं.

तुझा अण्णा

*

वाइलोसी
५ नोव्हेंबर

ती. अण्णास, नमस्कार आणि थोडा राग.

गुडघे म्हणे! मागच्या वर्षी तूच लिहिलं होतंस की नातवाबरोबर टेकडी चढलास.

असो. मी प्रविनेशच्या घरी गेले. त्याच्या आईने डालोचा कंद उकडून समोर ठेवला, तेव्हा निघताही येईना. पोरगा लाजाळू आहे, पण गोलाचं बोलायला लागला की थांबत नाही. त्याने दोनदा मागे पाहिलं होतं. एकदा पास निघायच्या आधी, एकदा निघाल्यावर. टेकलेला पाय डावा. ही सोडायची युक्ती तो आणि वातिसोनी सगळा पावसाळाभर उसाच्या गाडीच्या रुळांशेजारच्या पट्टीत घोटत होते. तिथे जागा इतकी अरुंद की चेंडू चुकला तर ओहोळात. सतरा चेंडू वाहून गेले, असं त्याची आई म्हणाली. मी म्हटलं, माझा भाऊ हे अनवाणी करत असे. त्याने माझ्या पाया पडायलाच सुरुवात केली.

अण्णा, तुला आनंद व्हायला हवा होता. तुझ्या पत्रात तो कुठेच नाही. सेमेसा रोज विचारतो, उत्तर आलं का. करवंटी अजून पालथीच आहे, आणि अध्यक्ष म्हणतात, असंच चाललं तर क्लबात चहा सुरू करावा लागेल.

खरं काय ते लिही.

तुझीच, अंजी

*

सिडनी
१६ नोव्हेंबर

चि. अंजीस,

आशीर्वाद द्यायला आज लाज वाटते.

मी मागे पाहिलं नव्हतं. ऊन डोळ्यांत होतं, चेंडू आला, मी लाथ मारली आणि ती हवेत गेली. पाय हुकला, अंजी. सेमेसा मागे आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी थट्टेत म्हटलं की मुद्दाम सोडला. सेमेसा हसला, म्हणाला हुकलास रे, आणि सगळे हसले. तो एकटा हसला असता तर मीही हसलो असतो. मग हट्टाला पेटलो. वर्षं गेली तसा हट्ट वाढत गेला. शेवटी मलाही वाटायला लागलं की मी सोडला होता.

आता सगळं गाव मला खरं मानतं, तर माझी झोप उडाली आहे. त्या पोराने सतरा चेंडू वाहवले. माझा एकच होता, तोही न बघता. त्याच्या गोलाशी माझं नाव जोडू नका. हे पत्र सेमेसाला वाचून दाखव. अठ्ठावीस वर्षं तोच खरं बोलत होता. ती करवंटी मी पिऊ शकत नाही.

जमलं तर लोभ ठेव.

मुत्तु

*

वाइलोसी
२७ नोव्हेंबर

ती. अण्णास,

पत्र वाचून दाखवलं. शेड भरलेलं होतं, मी एकट्यात वाचते म्हटलं तर सेमेसा ऐकेना.

वाचून झालं तशी त्याने मान खाली घातली. मला वाटलं, आता तुमचं कायमचं संपलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. इतका हसला की कवळी बाहेर आली. म्हणाला, त्या मुत्तुला कळव, मीही गोलावर मारलाच नव्हता. मला चेंडू मध्ये परत द्यायचा होता, अंगठ्याला लागून तो जाळ्यात गेला. एक हुकला, दुसऱ्याचा चुकला, आणि हे मूर्ख अठ्ठावीस वर्षं पहिली करवंटी आम्हाला पाजताहेत.

अध्यक्षांचा चेहरा तू बघायला हवा होतास.

मग सेमेसाने प्रविनेश आणि वातिसोनीला पुढे बोलावलं. करवंटी स्वतःच्या हाताने सुलटी केली, भरली, आणि दोघांना अर्धी अर्धी दिली. म्हणाला, आमचा झाला होता, यांनी केला. टाळ्या वाजवताना म्हाताऱ्या इलाइसाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

दुसरी करवंटी मात्र त्याने कुणाला घेऊ दिली नाही. ती दोन हुकलेल्यांची, म्हणतो. जानेवारीत त्याच्या दुसऱ्या पायाचं ठरणार आहे. त्याआधी त्याला ती तुझ्याबरोबर प्यायची आहे.

याहून जास्त मी काय लिहू?

अंजी

*

सिडनी
६ डिसेंबर

चि. अंजीस,

शनिवारी एकवीस तारखेला नांदी विमानतळावर उतरतो. गुडघे ठीक आहेत.

सेमेसाला सांग, या वेळी तो मागे आहे ना, हे आधी बघून घेतलंय.

अण्णा