पाठीवरचं नाव

९ जुलै
"फुगवला काय अन् फिरवला काय, आकार तं तोच हाये ना!" — इति रंगराव, आमचे मालक. डोकं फिरलं.

फवारणी पंपाची टाकी मी रोटो मोल्डिंगसाठी काढली होती. साच्यात भुकटी टाकायची, साचा भट्टीत फिरवायचा. प्लास्टिक कानाकोपऱ्यात जाड बसतं. म्हणून तर टाकीच्या, माणसाच्या पाठीला टेकणाऱ्या बाजूवर उठावाची अक्षरं चालली — 'अन्नपूर्णा'. मालकांच्या आईचं नाव. "फवारणाऱ्याच्या पाठीवर आईचा हात पाह्यजे, ताई." मलाही गोड वाटलं होतं.

आता सोयाबीनची फवारणी तोंडावर आली आणि रोटो पडलं हळू. तर माझ्याच ड्रॉइंगवरून ब्लो मोल्डिंगचा साचा! तिथे गरम नळी फुग्यासारखी फुगवतात. जितकं खोल ताणाल, तितकं पातळ. साच्यात सगळ्यात खोल काय? आईचं नाव.

१२ जुलै
पहिली टाकी कापली. अक्षरांच्या कडा दुधाच्या पिशवीसारख्या. मालकांच्या टेबलावर आपटली.

"साच्यातली अक्षरं बुजवा. आठवडा लागेल."

"आईचं नाव बुजवू? जीभ झडन माही."

"मग विकू नका."

"पानी भरून ठेवली होती ना. गळली काय?"

ठेवली होती! माणूस ती पाठीवर घेऊन चालतो, वाकतो, पट्टे आवळतो. पण सांगायचं कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

१३ जुलै
माल गेला. मला न विचारता! अमडापूरच्या दुकानांतही पोचला म्हणे. संताप, संताप.

२३ जुलै
देऊळघाटहून छायावहिनीचा फोन. गोपालदादाने आमचाच पंप घेतला — "आमच्या गार्गीनं बनवला" असं गावभर सांगत. मला चकित करायचं होतं त्याला. दिवसभर शर्ट ओला. त्याला वाटलं घाम. संध्याकाळी उलट्या, चक्कर. दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, वाचला.

वहिनीने पाठीचा फोटो पाठवला. लाल फोडांत 'अ' उमटलाय. उलटा.

रंगरावांशी एक शब्द बोलले नाही. थेट त्यांच्या घरी गेले आणि फोटो अन्नपूर्णाबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हे माह्यं नाव हाये?"

"हो."

२४ जुलै
मशीन बंद. पुढ्यात खुर्ची टाकून अन्नपूर्णाबाई बसल्यात. लेकाला म्हणाल्या, "इकलेला एकेक पंप वापस आन. तवा उठीन."